लॉइड गेन्सचा अर्ज

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें, तेव्हां गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील लोकांना तें त्यांनीं अर्पण केलें, ही गोष्ट महाराष्ट्रांत सुपरिचित आहे. पुण्यांत बसून इतक्या दूरच्या घडामोडींकडे आशेनें पाहणाऱ्या त्या पुरुषाला पुढें काय वाढून ठेवलें आहे हें कळण्यास मार्ग नव्हता. त्या अर्पणपत्रिकेनंतर चारच वर्षांनीं, १८७७ सालीं, अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत उरलेल्या मध्यवर्ती सरकारच्या सैन्याचा पाठिंबा काढून घेण्यांत आला, आणि नाहींशा झालेल्या गुलामीच्या जागीं एक नवी व्यवस्था हळूहळू उभी राहिली. आगगाडींत कृष्णवर्णीयांचा डबा निराळा, उपाहारगृहांत जागा निराळी, शाळा निराळी. १८९६ सालीं प्लेसी नांवाच्या गृहस्थाच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें या व्यवस्थेवर आपली मोहोर उमटविली. दोन्ही वर्णांची सोय समान असेल, तर ती वेगळी ठेवण्यास राज्यघटनेचा अडथळा नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता. यांतील वेगळेपण पुढील अर्धशतक काटेकोरपणें पाळलें गेलें. समानता मात्र कागदावरच राहिली.

अशा समाजांतील एखादा बुद्धिमान तरुण १९३० च्या सुमारास पदवीधर झाला, तर त्याच्यापुढें कोणता मार्ग होता? प्राथमिक शाळा, मग ती कितीही मोडकी असो, त्याच्या वस्तींत असे. दुय्यम शाळा कांहीं शहरांत असे. शिक्षक तयार करणारीं निराळीं कॉलेजेंही निघालीं होतीं. परंतु वकिली, वैद्यकी, स्थापत्य या धंद्यांचें शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्था दक्षिणेंत जवळजवळ सर्वस्वी गोऱ्यांच्याच होत्या. त्या ज्या करांतून चालत ते कर मात्र दोन्ही वर्णांच्या लोकांकडून घेतले जात. तेव्हां ज्याला वकील व्हावयाचें असेल त्यानें उत्तरेंत जावें, तेथें राहण्याजेवण्याचा खर्च सोसावा, आणि ज्या राज्यांत पुढें वकिली करावयाची त्या राज्याचे कायदे दुसऱ्या राज्यांत बसून शिकावे. बहुतेकांना हें परवडत नसे, आणि म्हणून त्यांच्या समाजाला कोर्टांत स्वतःचा वकील मिळत नसे. वकील नाहीं म्हणून न्याय नाहीं, आणि न्याय नाहीं म्हणून पुढच्या पिढींतही वकील नाहीं, असें हें रहाटगाडगें होतें.

तें थांबविण्याची युक्ति ज्यांनीं काढली, ते चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन. त्यांचा जन्म १८९५ सालीं वॉशिंग्टन येथें झाला. वडील वकील होते; घरची स्थिति बरी होती. ॲम्हर्स्ट कॉलेजांतून १९१५ सालीं उत्तम रीतीनें पदवी घेऊन ते कांहीं काळ इंग्रजीचे शिक्षक झाले. पहिलें महायुद्ध आलें नसतें तर कदाचित् ते शिक्षकच राहिले असते. सैन्यांत ते अधिकारी म्हणून गेले. परंतु तेथें कृष्णवर्णीय अधिकाऱ्याला शत्रूपेक्षां स्वपक्षाकडूनच अधिक भय होतें. फ्रान्समध्यें एका प्रसंगीं गोऱ्या अमेरिकन शिपायांचा जमाव त्यांच्यावर व त्यांच्या सोबत्यांवर चालून आला, आणि ते थोडक्यांत बचावले. जिवंत परतलों तर कायदा शिकावयाचा आणि ज्यांना उलट हात उचलतां येत नाहीं त्यांच्यासाठीं तो वापरावयाचा, असा निश्चय त्यांनीं त्या दिवसांत केला. १९१९ सालीं ते हार्वर्डच्या कायदाशाळेंत गेले. तेथील प्रख्यात कायदेविषयक नियतकालिकाच्या संपादकमंडळावर निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी होत.

१९२९ सालीं वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठांतील कायदाशाळेची सूत्रें त्यांच्या हातीं आलीं. तोंवर ती रात्रीची शाळा होती. दिवसां नोकरी करणारे लोक संध्याकाळीं येऊन तेथें शिकत. ह्यूस्टन यांनीं अनेकांचा रोष पत्करून ती दिवसाची केली, ढिलाई बंद केली, आणि दोनतीन वर्षांत तिला वकीलसंघाची मान्यता मिळविली. त्यांच्या शिस्तीमुळें विद्यार्थ्यांनीं त्यांना ‘लोखंडी जोडे’ असें नांव ठेविलें होतें. जो वकील समाजाची घडण सुधारीत नाहीं तो समाजावर जगणारें बांडगूळ होय, असें ते वर्गांत बजावीत. हा जरा एकांतिक विचार झाला, असें कोणाला वाटेल. साधीं खरेदीखतें करून पोट भरणाऱ्या प्रामाणिक वकिलाला बांडगूळ म्हणणें कठोरच. परंतु या कठोरपणांतूनच थर्गुड मार्शल तयार झाले, हें विसरतां येत नाहीं. मार्शल बाल्टिमोरचे. मेरीलँड विद्यापीठाची कायदाशाळा घरापासून जवळ, पण तिचें दार त्यांना बंद. म्हणून ते रोज आगगाडीनें वॉशिंग्टनला जात. फी भरण्यासाठीं त्यांच्या आईनें आपल्या लग्नाच्या आंगठ्या गहाण टाकल्या. मराठी घरांतील वडीलधाऱ्यांना ही गोष्ट परकी वाटण्याचें कारण नाहीं. १९३३ सालीं मार्शल वर्गांत पहिले आले.

१९३५ सालीं ह्यूस्टन कृष्णवर्णीयांच्या प्रगतीसाठीं झटणाऱ्या राष्ट्रीय सभेचे कायदेविषयक सल्लागार झाले. तत्पूर्वीं त्यांनीं मोटारीनें दक्षिणेचा प्रवास केला होता, आणि बरोबर चलच्चित्रांचा कॅमेरा नेऊन दोन्ही वर्णांच्या शाळांतील फरक टिपला होता. त्या चित्रांतील खोपटीं पाहून कोणीही प्राथमिक शाळांपासूनच लढा आरंभिला असता. ह्यूस्टन यांनीं नेमकें उलट केलें. त्यांनीं प्रथम कायदाशाळा निवडल्या, आणि त्यांतच त्यांची दूरदृष्टि दिसते. खोपटें आणि चांगली शाळा यांत कमीअधिक किती, यावर दोन्ही बाजूंना वाद घालीत बसतां येतें. पण जेथें कृष्णवर्णीयांसाठीं कायदाशाळाच नाहीं, तेथें शून्याला समान कोण म्हणणार? शिवाय निराळी कायदाशाळा काढावी तर खर्च फार आणि विद्यार्थी चारदोन. लहान मुलांना एकत्र बसवूं म्हटल्यास जी लोकक्षोभाची आग भडकते, ती पंचविशीच्या तरुणांच्या बाबतींत तितकी भडकत नाहीं. आणि शेवटचें कारण सर्वांत चतुराईचें: निवाडा करणारे न्यायाधीश स्वतः कायदाशाळांतून शिकून आलेले होते. चांगली कायदाशाळा म्हणजे काय, हें त्यांना साक्षीदार आणून समजावून देण्याची जरुरी नव्हती.

पहिला प्रयोग बाल्टिमोरलाच झाला. डोनल्ड मरे हा ॲम्हर्स्टचा पदवीधर तरुण मेरीलँडच्या कायदाशाळेनें केवळ वर्णामुळें नाकारला होता. ह्यूस्टन व मार्शल यांनीं त्याचा खटला चालविला आणि जून १९३५ मध्यें न्यायाधीश ओडन यांनीं त्याला दाखल करून घेण्याचा हुकूम दिला. जानेवारी १९३६ मध्यें त्या राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें तोच कायम केला. मरे १९३८ सालीं रीतसर पदवी घेऊन बाहेर पडला. विद्यापीठावर आकाश कोसळलें नाहीं. जी शाळा मार्शल यांना मिळाली नव्हती तिचें दार मार्शल यांनींच उघडविलें, याचें समाधान त्यांना झालें असेल तर तें साहजिकच होतें. परंतु हा निकाल एका राज्यापुरताच बंधनकारक होता. देशभर लागू होणारा निवाडा पाहिजे असेल तर खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावयास पाहिजे होता. तसा खटला मिसुरी राज्यांत सांपडला.

लॉइड गेन्स हा १९११ सालीं मिसिसिपी राज्यांतील वॉटर व्हॅली या गांवीं जन्मला. वडील वारल्यावर आई मुलांना घेऊन १९२६ सालीं सेंट लुई शहरीं आली. मुलगा हुशार निघाला. हायस्कुलांत पहिला आला, शिष्यवृत्ति मिळवून व भावाच्या मदतीवर जेफर्सन सिटी येथील लिंकन विद्यापीठांत गेला. हें कृष्णवर्णीयांसाठीं राज्यानें चालविलेलें विद्यापीठ. तेथून १९३५ सालीं इतिहास विषय घेऊन तो सन्मानानें पदवीधर झाला, आणि त्यानें मिसुरी विद्यापीठाच्या कायदाशाळेकडे अर्ज मागितला. रजिस्ट्रारनें छापील अर्ज व माहितीपुस्तक नेहमींप्रमाणें धाडून दिलें. मागाहून त्याचे गुण लिंकन विद्यापीठाकडून आले, तेव्हां अर्जदार कोण आहे याचा उलगडा झाला. मग तार गेली. राज्याबाहेर शिकण्याची सोय राज्य आपल्या खर्चानें करील, तरी त्याबाबत लिंकनच्या अध्यक्षांशीं बोलावें, असा तिचा भावार्थ होता. मार्च १९३६ मध्यें विद्यापीठाच्या नियामकांनीं अर्ज उघडपणें फेटाळला. रजिस्ट्रारचें आडनांव कॅनडा असें होतें. त्यामुळें या खटल्याचें नांव ऐकून तो कॅनडा देशाविरुद्धचा असावा असा समज अजूनही कित्येकांचा होतो.

राज्यानें देऊं केलेली ती मदत वरवर पाहतां उदार वाटते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ सालीं न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले, आणि त्यांतून केवढें कर्तृत्व फळास आलें हें सर्वांस ठाऊक आहे. मग आयोवा किंवा इलिनॉय येथें जाण्यास गेन्सची हरकत कां असावी? फरक असा कीं, बडोद्यानें विद्यार्थ्याला जगांतील उत्तम विद्येपर्यंत नेण्यासाठीं बाहेर पाठविलें. मिसुरीनें आपल्या वर्गांतील बांक निर्मळ राहावें म्हणून. एक शिष्यवृत्ति दार उघडण्यासाठीं होती, दुसरी दार लावून घेण्यासाठीं.

जुलै १९३६ मध्यें कोलंबिया नांवाच्याच, पण मिसुरींतील, एका लहान शहरीं खटला उभा राहिला. त्या वर्षींचा उन्हाळा भयंकर होता. पारा शंभर अंशांच्या वर गेलेला. अवर्षणामुळें पिकें करपलेलीं. सरकारी मदतीसाठीं गांवांत आलेले शेतकरी कोर्टांत येऊन बसले होते, विद्यापीठाचे कायद्याचे विद्यार्थीही आले होते. ह्यूस्टन व सेंट लुईचे दोन कृष्णवर्णीय वकील त्यांच्यासमोर उभे राहून विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारीत होते. हा देखावाच त्या प्रेक्षकांना अपूर्व होता. निकाल अपेक्षेप्रमाणें विरुद्ध गेला; १९३७ च्या अखेरीस राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेंही तोच कायम केला. ह्यूस्टन यांना पराभवाची फारशी खंत नसावी. वरच्या पायरीवर जाण्यासाठीं खालच्या पायरीवर हरणें त्यांना जरूरच होतें. ही गोष्ट वकिलाला सोपी असते. वादीला तितकी सोपी नसते. गेन्स या मधल्या काळांत मिशिगन विद्यापीठांत अर्थशास्त्राची उच्च पदवी घेत होता आणि निकालाची वाट पाहत होता.

९ नोव्हेंबर १९३८ रोजीं ह्यूस्टन वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयांत बोलावयास उभे राहिले. हे बोलूं लागतांच न्यायमूर्ति मॅक्‌रेनल्ड्स यांनीं आपली खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाठ केली, असें तेथें हजर असलेल्यांनीं सांगितलें आहे. ह्यूस्टन यांनीं आपलें भाषण त्या पाठीसमोरच पुरें केलें. १२ डिसेंबरला निकाल लागला. न्यायमूर्ति कार्डोझो जुलैमध्यें वारल्यामुळें न्यायासनावर आठच जण होते. सहा एका बाजूस, दोन दुसऱ्या बाजूस. मुख्य न्यायमूर्ति ह्यूज यांनीं लिहिलें त्याचा सारांश असा: शेजारचीं राज्यें काय सोय करतात हा प्रश्नच नव्हे, मिसुरी आपल्या गोऱ्या रहिवाशांना काय देतें आणि कृष्णवर्णीयांना वर्णामुळें काय नाकारतें, हा प्रश्न आहे. असे अर्जदार थोडे आहेत, ही सबबही चालणार नाहीं. हा हक्क जमातीचा नसून व्यक्तीचा आहे; एकटा गेन्स मागत असला तरी त्याला तो मिळाला पाहिजे.

निकाल मोठा होता, तरी त्यांत एक फट होती. वेगळेपणाचें तत्त्व न्यायालयानें मोडलें नव्हतें. राज्याच्या हद्दींत समान सोय करा, एवढेंच सांगितलें होतें. मिसुरीच्या कायदेमंडळानें ती फट तत्काळ ओळखली. लिंकन विद्यापीठाच्या विस्तारासाठीं दोन लक्ष डॉलर मंजूर झाले आणि सप्टेंबर १९३९ मध्यें सेंट लुई येथें, केशप्रसाधनाची विद्या शिकविणाऱ्या एका जुन्या संस्थेच्या इमारतींत, कृष्णवर्णीयांची कायदाशाळा घाईघाईनें उघडण्यांत आली. बाहेर निदर्शनें करणारे लोक उभे होते. आंत सुमारें तीस विद्यार्थी बसले. या शाळेला नुसतें ढोंग म्हणून सोडून देणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. तिच्यांत शिकलेल्या मार्गरेट बुश विल्सन पुढें नामांकित वकील झाल्या आणि १९७५ सालीं त्या राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षपदीं आल्या. वाईट हेतूनें बांधलेल्या घरांतही चांगले शिक्षक दिवा लावूं शकतात. तरीही ही शाळा मिसुरी विद्यापीठाच्या बरोबरीची आहे काय, हें ठरविणें उरलेंच होतें. आणि त्यासाठीं खटला पुन्हां खालच्या न्यायालयांत यावयाचा होता.

तो चालविण्यासाठीं वादी पाहिजे होता, आणि वादी सांपडेना.

गेन्स सेंट लुईला परतला होता, परंतु त्याची स्थिति चमत्कारिक झाली होती. साऱ्या देशांत नांव झालेलें, खिशांत पैसा नाहीं, आणि नोकरी मिळण्याची मारामार. एका पेट्रोलच्या ठाण्यावर त्याला काम मिळालें. पण मालक हलकें पेट्रोल उंची म्हणून विकतो असें दिसतांच त्यानें तें सोडलें. सभांतून भाषणें होत, टाळ्या पडत, आणि दुसऱ्या दिवशीं जेवणाचा प्रश्न जशाचा तसा. कामाच्या शोधांत तो शिकागोला गेला. ३ मार्च १९३९ रोजीं आईला लिहिलेल्या पत्रांत, आपण कोणालाही ओळखू न येणारा एखादा साधा माणूस असतों तर बरें झालें असतें, अशा अर्थाचे उद्गार त्यानें काढले आहेत. १९ मार्चच्या संध्याकाळीं, पाऊस पडत असतांना, पोस्टाचीं तिकिटें घेऊन येतों असें सांगून तो राहत्या जागेंतून बाहेर पडला. त्यानंतर तो कोणालाही दिसला नाहीं.

घातपात झाला म्हणावें तर प्रेत नाहीं. पैसे घेऊन निघून गेला म्हणावें तर पुरावा नाहीं. मेक्सिकोंत दिसल्याच्या वार्ता कधींच खऱ्या ठरल्या नाहींत. अठ्ठावीस वर्षांचा तरुण नाहींसा झाला, हें वकिलांच्या ध्यानांत येण्यासही कित्येक महिने लागले. यावरून कोणाला दोष देणें आज सोपें आहे. परंतु तत्त्वाच्या प्रत्येक लढाईला एक हाडामांसाचा वादी लागतो, आणि त्यानें चारचार वर्षें आयुष्य टांगून ठेवावें लागतें, ही गोष्ट तेव्हां कोणीं पुरेशी मोजली नव्हती असेंच म्हणावें लागेल. ज्या मुद्द्यावर खटला जिंकला, त्याच मुद्द्यावर तो बुडाला. हक्क व्यक्तीचा आहे असें न्यायालयानें म्हटलें होतें. व्यक्तीच नाहीं म्हटल्यावर हक्क मागणार कोण? जानेवारी १९४० मध्यें खटला काढून टाकण्यांत आला.

पुढील दहा वर्षें मार्शल यांना तीच वाट नव्या वाद्यांसह पुन्हां चालावी लागली. ह्यूस्टन आपल्या वडिलांच्या कचेरींत परतले होते. मधल्या महायुद्धानें सारेंच लांबणीवर टाकलें. फेब्रुवारी १९४६ मध्यें टेक्सासमधील हेमन स्वेट नांवाच्या टपालवाल्यानें त्या राज्याच्या कायदाशाळेकडे अर्ज केला. त्याच वर्षीं डॉ. आंबेडकरांनीं डू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांनीं संयुक्त राष्ट्रसंघाकडे पाठविलेल्या विनंतिअर्जाची प्रत मागविली होती. दोन खंडांतील हे दोन प्रश्न एकमेकांना ओळखत होते. टेक्सासनें मिसुरीचाच कित्ता गिरविला आणि स्वेटसाठीं प्रथम एका तळघरांत कायदाशाळा मांडली. स्वेटनें तिच्यांत पाऊल टाकलें नाहीं. खटला वर जाईपर्यंत ती शाळा वाढून पांच अध्यापक, तेवीस विद्यार्थी आणि साडेसोळा हजार पुस्तकें इथवर आली. उलट टेक्सास विद्यापीठांत साडेआठशें विद्यार्थी आणि पासष्ट हजारांवर पुस्तकें होतीं. ५ जून १९५० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निकाल दिला. पुस्तकांची संख्या तर मोजली गेलीच, पण जीं मोजतां येत नाहींत त्यांचाही हिशेब न्यायालयानें धरला: संस्थेचा लौकिक, जुन्या विद्यार्थ्यांचें वजन, ज्यांच्याशीं पुढें कोर्टांत गांठ पडावयाची त्या सहाध्यायांशीं होणारी वादचर्चा. वेगळी कायदाशाळा समान होऊं शकेल, ही आशा येथें संपल्यासारखीच झाली. चार वर्षांनीं, १७ मे १९५४ रोजीं, शाळांच्या बाबतींतही तें तत्त्व मोडून पडलें. आरंभीं निवडलेल्या पंचविशीच्या तरुणांमागून लहान मुलें आलीं.

ह्यूस्टन यांना यांतील कांहींच पाहावयास मिळालें नाहीं. अतिश्रमानें हृदय थकून २२ एप्रिल १९५० रोजीं, स्वेटच्या निकालाच्या सहा आठवडे आधीं, वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं ते वारले. स्वेट त्या शरद्‌ऋतूंत टेक्सास विद्यापीठांत दाखल झाला, परंतु प्रकृति ढासळल्यामुळें व संसाराची घडी विसकटल्यामुळें त्याला पदवी न घेतांच १९५२ सालीं बाहेर पडावें लागलें; पुढें तो समाजकार्यांत रमला. मार्शल १९६७ सालीं सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ति झाले. मिसुरी विद्यापीठानें १९५० सालीं कृष्णवर्णीय विद्यार्थी घेण्यास आरंभ केला, आणि सेंट लुईची ती निराळी कायदाशाळा १९५५ सालीं बंद झाली.

२००६ सालीं मिसुरी विद्यापीठानें लॉइड गेन्सला कायद्याची सन्माननीय पदवी दिली. त्याच वर्षीं, ज्या न्यायालयानें १९३७ सालीं त्याचें म्हणणें फेटाळलें होतें, त्या मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयानें त्याला वकिलीची सनद मरणोत्तर अर्पण केली. त्याच्या मृत्यूचें वर्ष मात्र त्या दिवशींही कोणाला सांगतां आलें नाहीं.